जांभळ्या कडेचा वाल

मावशीच्या वालाची शेंग कुठेही ओळखू यायची. टोक चोचीसारखं वाकलेलं, आणि कडेनं जांभळी रेघ. कासूला, तिच्या सासरी, खाडीकडच्या शेतात भात कापून झालं की जमिनीतल्या ओलीवर ती हाच वाल पेरायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. मग खाडीचा बांध फुटला. अर्ज सगळ्या कचेऱ्यांनी घेतले, बांध कुणी बांधला नाही. खारं पाणी शेतात राहिलं, ओसरलं, आणि पुढच्या हंगामापासून शेंगा पोचट यायला लागल्या.

त्या थंडीत पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगांचं मडकं भाजलं आणि सोलायला बसलो, तर शेंगेत जेमतेम एखादा दाणा.

"पाला तरी बरा शिजलाय गो," शेजारीण म्हणाली. मावशी हसली नाही.

शेतीचा साहेब आला तो बांधावरूनच सांगून गेला, "बियाणं जुनं झालंय. वाण बदला." मावशीला ते लगेच पटलं. माझं डोकं फिरलं. फुटलेलं भगदाड साहेबाच्या पाठीमागे ढळढळीत दिसत होतं, आणि दोष कुणाला, तर ज्याला तोंड नाही त्या दाण्याला! मी तेव्हा बांधासाठी पत्रकं लिहायचे. 'आमच्या बियाण्याची बदनामी थांबवा' हा मथळा डोक्यात तयार होता. पुरावा तेवढा नव्हता.

म्हणून पुढच्या हंगामात मावशीचा थोडा वाल मी रोह्याकडे खांबला, आईच्या शेतात पेरला. आईचा रुंद, सरळ शेंगेचा वाल मावशीच्या शेतात टाकला.

"माझ्या बहिणीचा वाल तो," आई म्हणाली. "हितं येऊन पण कुरकुरंल बघ."

कुरकुरला नाही. थंडी सरता सरता खांबला मावशीच्या वेलींवर शेंगा लटकल्या. तीच वाकडी चोच, तीच जांभळी कड, आणि आत दाणे एकमेकांना खेटून. कासूला आईच्या शेंगा रुंद आल्या, सरळ आल्या, आणि रिकाम्या आल्या. रूप दाण्याबरोबर गेलं होतं. पोट भरणं जमिनीच्या हातात होतं, आणि जमिनीत मीठ होतं.

दोन्हीकडच्या शेंगा रुमालात बांधून मी स्टेशनावरून जवळजवळ पळतच मावशीकडे गेले.

"बघ मावशे, बियाणं चांगलं हाय तुझं! साहेब खोटा पडला!"

तिनं भरलेली शेंग सोलली. दाणे तळहातावर घेऊन बघत राहिली.

"म्हंजे जमीन गेली."

"अगं, पण बियाणं..."

"बियाणं वायट असतं तर बदललं असतं गो. जमीन कुठनं आणू?"

पत्रक पुढे छापलं, वाटलंही. भगदाड आहे तिथेच आहे, आणि ते बुजवायचं ज्यांचं काम होतं त्यांना सुखाची झोप लागते.

त्या संध्याकाळी मावशीनं पेरणीसाठी राखेत घोळून ठेवलेला सगळा वाल मडक्यातून काढला, धुतला आणि भिजत घातला.

"बिरडं करू. आलीच हायेस तर."

"मावशे, थोडा तरी ठेव."

"खांबला हाय की तुझ्या आईकडं. आता तो तिचा."

सकाळी तिनं भिजलेला वाल फडक्यात बांधला. दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं तेव्हा दाण्यांना मोड आले होते, पांढरे, टरारलेले. एकही दाणा फुकट गेला नव्हता. ताट मध्ये घेऊन आम्ही दोघी ते सोलत बसलो.