दुखवट्याचं लुगडं

एकाहत्तरची लढाई सीमेपलीकडे जाऊन पाहिली म्हणून आमच्या भंडाऱ्याच्या पत्रकाराला शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात त्याने गोळ्या कानाजवळून नेल्या, लोकांनी टाळ्या पिटल्या. मला मात्र त्याची किळस आली, कारण त्याची तिकडची बातमी मी वाचली होती.

तिच्यात लढाईत पोरगा गमावलेल्या एका बंगाली कोळिणीचा आक्रोश होता. 'जाळं वाळत घातलंय तसंच आहे रे बापा, आता ते कोण उचलेल?' ही कोळीण खरं तर वैनगंगेकाठच्या कारध्याची, माझी सख्खी मावशी. आदल्या पावसाळ्यात तिचा एकुलता पोरगा वैनगंगेच्या पुरात गेला. पुराची बातमी करायला हा तिच्या अंगणात उभा होता, तेव्हा ती याच शब्दांत रडली होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस मी त्या बातमीत प्रत्यक्ष पाहिला.

रागाच्या भरात मी ती बातमी मावशीला वाचून दाखवली. वाटलं, ती त्याचा उद्धार करील. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तिचाबी गेला का? माय कोनतीबी असो, असीच रडते बाप्पा."

आमच्यात मयत झालेल्या घरच्या बाईला दुखवट्याचं लुगडं देतात. मावशीने मासोळ्या विकून जांभळ्या काठांचं लुगडं घेतलं. "तिले तिकडं कोन देईन? मले ने त्याच्या घरी," म्हणाली. तिचं रडणंसुद्धा चोरीला गेलंय, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

त्या निर्लज्जाने लुगडं कपाळाला लावलं. "पुन्हा जाणारच आहे, मावशी. तिच्या हातातच देतो."

उन्हाळ्यात मासोळ्यांची टोपली घेऊन मावशी त्याच्या गल्लीतून चालली होती, मी सोबत होतो. त्याच्या फाटकाशी स्कूटर उभी होती. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर तेच लुगडं टाकलेलं होतं. मावशीने टोपली खाली ठेवली, काठ बोटांत धरून पाहिला.

"काहून नाही नेलं यानं?"

मग मात्र मी सगळं सांगितलं.

"म्हनजे ते बाई नाहीच?"

"नाही."

तिने लुगडं ओढून काढलं, झटकलं, घडी घालून काखेत धरलं. मी उघड्या पडलेल्या सीटवर थुंकलो. मावशीने तिकडे पाहिलंही नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "एक पोरगा तं वाचला मंग."