रामनाथ तरे यांचा अज्ञात तालवादक

रामनाथ कोंडू तरे यांच्यापाशी जे जे आहे ते सर्व त्यांचे वडील कोंडूशेठ यांनी मिळवलेले आहे. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातली जमीन कोंडूशेठची. तिच्यावर आज परक्या कंपन्यांची गोदामे उभी आहेत आणि त्यांचे भाडे दरमहा न चुकता रामनाथरावांच्या खात्यात येते. ते येऊ देणे, एवढाच मुलाचा पुरुषार्थ. शेलारचे घर कोंडूशेठचे. नाक, हनुवटी आणि मधुमेह हेही कोंडूशेठचेच. पत्नी कमळताई यांनाही कोंडूशेठनी एका लग्नात पंगत वाढताना पाहिले आणि मुलाला न विचारता पसंत केले. त्यांच्या साऱ्या निर्णयांत हा सर्वांत चोख ठरला, असे माझे मत आहे.

साठी ओलांडल्यावर माणूस, यात माझे स्वतःचे काय, असा प्रश्न स्वतःला विचारू लागतो. बहुतेकांना उत्तर सापडत नाही आणि ते निमूट नातवंडांकडे वळतात. रामनाथरावांना उत्तर सापडले होते. त्यांनी एक तालवादक शोधून काढला होता. हा एवढा मनुष्य, ते म्हणत, बापाने दिलेला नव्हे, हा माझा.

या शोधाचा मी साक्षीदार आहे, कारण मी, निवृत्त मास्तर, ज्याचा चिटणीस आहे त्या श्रवण मंडळात तो वारंवार जाहीर झाला. मंडळ टेमघरला समाजमंदिराच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरते. नियम थोडे आहेत, पण ते पाळण्यासाठी आहेत. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या आवडीचा एक अल्बम आणावा, तो सलग ऐकवावा, मधली गाणी गाळू नयेत, आणि शेवटी तो आपल्याला का महत्त्वाचा वाटतो हे थोडक्यात सांगावे. श्रवण चालू असता वेफर्सची पाकिटे उघडू नयेत. यातला ‘थोडक्यात’ हा शब्द सर्वांत जास्त मोडला जातो, पाकिटांचा नियम त्याच्या खालोखाल.

विमा खात्यातून निवृत्त झालेले आमचे सुगतराव गझलांचे अल्बम आणतात. उर्दू त्यांना येत नाही. कोणत्या ओळीला मान हलवायची हे मात्र पाठ आहे. उलट धम्मदिनाबाई, ज्यांचे आयुष्य परिचारिकेच्या नोकरीत गेले, त्यांनी एकदा भीमजयंतीच्या गीतांचा त्यांच्या वडिलांनी घेतलेला अल्बम ऐकवला, “हा लागला की आमच्या घरी कोणी भांडत नसे,” एवढे म्हटले आणि त्या खाली बसल्या. पुढच्याला इतक्या लवकर उभे राहण्याची सवय नसल्यामुळे त्या दिवशी बराच वेळ शांतता पसरली होती.

रामनाथराव दर पाळीला एकच अल्बम आणत. नियम करताना असा मनुष्य संभवतो हे आमच्या ध्यानी आले नव्हते, त्यामुळे त्यांना अडवायला कलम नव्हते. अल्बमचे नाव ‘उंबराची फांदी’. आगरी लग्नात भटजीच्या आधी जिला मान असतो त्या धवलारणीने गायचे धवले त्यात आहेत आणि गाणारी आहे रंगूबाई. मूळ कॅसेट रामनाथरावांनी कधी पाहिलेली नाही. त्यांच्या लग्नानंतरच्या आठवड्यात त्यांचे चुलतभाऊ दाजी यांनी कोणाची तरी कॅसेट मागून आणली आणि तिच्यावरून नवरा-नवरीसाठी एक प्रत उतरवून घेतली, तीच ही. दाजी आता हयात नाहीत. कॅसेट आहे, आणि ती वाजवण्यासाठी रामनाथरावांनी मंडळाला भेट दिलेले, लहान कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत.

रंगूबाईचा आवाज चांगला आहे, पण रामनाथरावांना तो आड येई. त्यांचे लक्ष त्या आवाजाच्या खाली, पहिल्या गाण्यापासून अखंड चालणाऱ्या एका ठेक्याकडे असे. ठक्-ठठक्, ठक्-ठठक्.

“ऐका,” ते बोट वर करून म्हणत. “दम खातो का? श्वास घेतो का? मोठमोठे तबलजी तिसऱ्या गाण्याला घाम पुसतात. आणि तो दुसरा ठोका ऐकलात? किंचित अडखळून येतो. ती त्याची सही आहे. ती कोणाला उचलता येणार नाही.”

“पण वाद्य कोणतं?” धम्मदिनाबाईंनी एकदा विचारले.

“ते वाद्य आता कोणाकडं राहिलेलं न्हाय, ताई.” प्रमाण भाषेत बोलण्याचा त्यांचा निश्चय भावनेच्या भरात असा ढळत असे. त्यांचा तर्क असा की खाडीवरचे जुने लोक वल्ह्याने होडीच्या फळीवर ताल धरत, त्यातून हे घनवाद्य जन्मले आणि त्याचा हा अखेरचा वादक.

खरा कळस पाठवणीच्या गाण्यात होता. नवरी उंबरा ओलांडते त्या कडव्याला ठेका एकाएकी थांबतो. रंगूबाई एकटी गात राहते. पुढच्या गाण्याच्या मध्यावर ठेका परततो, पण एकदम नव्हे. आधी एक ठोका, मग त्यात दुसरा मिसळतो, मग तिसरा, आणि शेवटी खोली भरून जाते. “मुलगी जाताना त्याचे हात उचललेच न्हाय,” रामनाथराव म्हणत, “आणि मग बघा, आधी एकटा सावरतो, मग सगळा गाव सावरतो.” येथे सुगतराव चष्मा पुसत. खोलीतील निम्मे लोक मुलीचे बाप होते आणि दोघे-तिघे खरोखर रडत.

आता, भिवंडीत जन्मलेल्या, भिवंडीत केस पिकलेल्या इतक्या माणसांपैकी एकालाही तो ठेका कशाचा हे कळू नये, यावर बाहेरचा मनुष्य विश्वास ठेवणार नाही. पण ही चूक फक्त भिवंडीकरालाच शक्य आहे. कुर्ल्याचा मनुष्य पहिल्या मिनिटाला कानांवर हात ठेवून म्हणाला असता, हे काय लावले आहे? आम्ही तो आवाज ऐकतच नाही. तो बंद पडला तरच आम्ही मान वर करतो.

मंडळाचा वार्षिक समारंभ जवळ आला तेव्हा रामनाथरावांनी ठराव मांडला की त्या अज्ञात वादकाला शोधून त्याचा जाहीर सत्कार करावा. हॉल, शाल, श्रीफळ, जेवण, सर्व खर्च त्यांचा. ठराव एकमताने संमत झाला. जेवणाचा उल्लेख असलेले ठराव आमच्याकडे एकमतानेच होतात. रामनाथरावांनी सत्काराचे भाषण स्वतः लिहून पाठ केले. त्यातील शेवटचे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवीत: “ज्याला कोणी दाद दिली नाही, ज्याने कधी नाव पुढे केले नाही, त्याला मी शोधून काढले.” ‘मी’वर ते किंचित थांबत.

रंगूबाईच्या साथीदारांपैकी एकजण, राघो, शेलारच्या पलीकडे एका गावात राहतो असे कळले. रामनाथराव गाडी घेऊन गेले. मला साक्षीला नेले. राघो ओट्यावर बसून नातवाच्या बॅटला दोरी गुंडाळत होता.

“रंगूबाईच्या कॅसेटीवर ताल कोणी धरला?” रामनाथरावांनी विचारले.

“मीच की.”

“कशावर वाजवलंत?”

“कशावर म्हंजे? हातानं.”

रामनाथरावांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. “आणि पाठवणीच्या गाण्यात थांबलात. का?”

राघोने दोरीचे टोक दातात धरून गाठ मारली. “शेट, त्याला लय वर्सं झाली. थांबलो आसंन. बिडी प्यायला आसंल.”

“नम्रता,” परतताना रामनाथराव गाडीत म्हणाले. “कलावंत स्वतःविषयी असंच बोलतो, सर.” वाद्याचे नाव नक्की करून घ्यावे असे मी सुचवले. खऱ्या कलावंताला असले प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे उत्तर मिळाले.

समारंभाला हॉल भरला. कमळताई प्रथमच आल्या होत्या. रामनाथरावांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवले, कारण त्यांच्या मते पतीची कर्तबगारी जवळून पाहण्याचा हा दिवस होता. राघो धुतलेले धोतर नेसून, कानात अत्तराचा फाया घालून व्यासपीठावर बसला. स्पीकर लागले. ठक्-ठठक्, ठक्-ठठक्. रामनाथरावांनी डोळे मिटले.

पहिले गाणे संपेपर्यंत राघो पुढे वाकून, मान तिरकी करून ऐकत राहिला. दुसऱ्यात तो अस्वस्थ झाला. ध्वनिक्षेपक त्याच्यासमोरच होता, त्यामुळे पुढील संवाद सभागृहाने नीट ऐकला.

“शेट, माझी ढोलकी कुठं हाय?”

“ढोलकी?” रामनाथरावांनी डोळे उघडले.

“मी ढोलकी वाजवली व्हती. ती ऐकूच येत न्हाय. हे वर काय ठोकतान?”

“हे तुम्हीच वाजवताय, राघोबा!”

“मी? आवं, ही लूम हाय.”

सभागृहात कोणी हसले नाही. प्रत्येकजण ऐकू लागला, बहुधा प्रथमच. स्पीकरमधून कापड विणायचा लूम चालत होता, भिवंडीच्या गल्लोगल्ली चालतो तसाच, इतका स्पष्ट की सूत नेणारा धोटा जातोय कुठल्या बाजूला हेही बोटाने दाखवता आले असते. सुगतरावांनी पुसण्यासाठी काढलेला चष्मा तसाच पुन्हा लावला.

“काहीतरी गैरसमज आहे,” रामनाथराव ध्वनिक्षेपकात म्हणाले. त्यांची भाषा अत्यंत प्रमाण झाली होती. “लूमला असा लहेजा नसतो. हा दुसरा ठोका पाहा, किंचित अडखळून...”

“धोटा परतताना अडकायचा त्याचा,” पहिल्या रांगेतून कमळताई म्हणाल्या.

त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज लागली नाही. कारखान्याला लागून असलेल्या घरात ज्यांनी संसार केला त्या बायकांचा आवाज मुळातच मोठा असतो.

“अगं, कोणाचा?”

“आपल्या लूमचा. घरात पाव्हणे व्हते, म्हणून दाजीभावजी कारखान्यात त्याच्याच बाजूला बसले, दोन टेप समोरासमोर ठेवून. सेल घालून. मीच त्यांना चहा घेऊन गेले. तुमी दोस्तांना पार्टी द्यायला गेलेले.”

“आणि तो थांबतो ते?” रामनाथरावांचा स्वर आता विनंतीचा होता. “पाठवणीच्या गाण्यात थांबतो ते?”

“लाइट गेली.”

“पण परत येतो तो, आधी एक, मग दोन...”

“लाइट आली. मग कामगार एकेक दांडा वढणार ना? सगळे लूम एकदम कसे चालू व्हतील?”

आता मात्र मागच्या रांगांतून हसू फुटले आणि पुढे सरकत आले. रामनाथरावांच्या पाळीला जे नेमाने रडत आले होते, ते सर्वांत मोठ्याने हसले. त्यांना काही तरी फेडायचे होते.

“इतकी वर्षं बोलली न्हायस!”

“तुमी ते ऐकून रडायचे,” कमळताई म्हणाल्या. “मी म्हटलं, लूमसाठी भिवंडीत कोणीतरी रडतंय. रडू दे.”

हे ऐकून रामनाथराव खाली बसले. त्यांच्या ध्यानी काय आले ते मला कळत होते, आणि ज्यांनी शेलारचा कारखाना पाहिला होता त्या सर्वांनाच कळत होते. कोंडूशेठनी उभारलेला तो कारखाना, वडिलांचे वर्षश्राद्ध होताच, रामनाथरावांनी मोडला. लूम विकत घेणारा भेटेपर्यंतही ते थांबले नाहीत. भंगारवाल्याला बोलावून सगळे लोखंड काट्यावर तोलून दिले. इतकी वर्षे जे एकच आपले म्हणून सांगितले तेही बापाचेच निघाले, आणि तेही त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकले होते.

“कुठला लूम?” त्यांनी हळूच विचारले.

“दाराजवळचा. बाबांनी पयला घेतलेला. तुमी पयला दिला.”

येथे राघो खाकरला. “शेट, मंग सत्कार कोणाचा? मना तसं सांगा. रिक्षा थांबवून ठेवलीय.”

कार्यक्रमपत्रिकेत सत्कार होता आणि पत्रिकेतील बाब वगळता येत नाही, हे मी निदर्शनास आणले. धम्मदिनाबाई म्हणाल्या, “ढोलकीचा करा. आवाजाखाली दबली म्हणून काय झालं? वाजत होतीच ना.” तेव्हा रामनाथराव उठले. त्यांनी राघोच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि पाठ केलेले वाक्य, दुसरे काही सुचेना म्हणून, म्हणू लागले:

“ज्याला कोणी दाद दिली नाही, ज्याने कधी नाव पुढे केले नाही, त्याला मी...”

ते थांबले. या वेळी थांबणे ठरवलेले नव्हते. सभागृह वाट पाहत होते.

“काट्यावर घातला,” कमळताईंनी आठवण करून दिली.

जेवण उत्तम होते. राघोने जिलेबी दोनदा मागून घेतली.

रामनाथराव आता मंडळात येणार नाहीत अशी सर्वांची अटकळ होती. मी तर त्यांची पाळी सुगतरावांना देऊनही टाकली होती. पण ठरलेल्या रविवारी ते जिना चढून आले. मागोमाग कमळताई होत्या. सून ऋतिका हिने ‘उंबराची फांदी’ची मूळ ध्वनिफीत इंटरनेटवर शोधून काढली होती, तिच्यात ढोलकी स्वच्छ ऐकू येते, असे रामनाथरावांनी सांगितले. मोबाइलवर त्यांनी तिचे पहिले गाणे लावले. राघो खरोखर सुरेख वाजवतो. आम्ही सर्वांनी माना हलवल्या, आणि कोणाचेही लक्ष लागेना. दुसरे गाणे सुरू होण्यापूर्वी वेफर्सचे एक पाकीट उघडल्याचा आवाज आला.

रामनाथरावांनी मोबाइल बंद केला. नियमाने तसे करता येत नाही, पण मी हरकत घेतली नाही. त्यांनी खिशातून कॅसेट काढली आणि लावली. भाषण केले नाही. बोट वर केले नाही. पाठवणीच्या गाण्यात ठेका थांबला तेव्हा ते म्हणाले, “लाइट गेली.”

रंगूबाई एकटी गात राहिली. पुढच्या गाण्याच्या मध्यावर पहिला ठोका आला, किंचित अडखळून.

“हा दाराजवळचा,” कमळताई म्हणाल्या.