आईच्या उपासाची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीने नवापूरच्या डोंगराकडच्या आमच्या गावात तीन दिवसांच्या उपासप्रार्थनेच्या सभा ठेवल्या होत्या. बोलायला बाहेरून एक प्रचारक आले होते. विषय होता, तयार राहा. प्रभू कधीही येईल, आपण जागं असावं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि मानतेही. पण या माणसाने पहिल्याच सकाळी आमची तयारी तपासायला घेतली.

"तिन्ही दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्यांनी हात वर करा. बाकीचे झोपलेले आहेत, असं मी धरून चालतो."

पुढच्या ओळीतून माझ्या आईने हात वर केला. तिला कितीतरी वर्षांपासून साखरेचा आजार आहे, दोन्ही वेळा गोळी लागते. मी गाणाऱ्यांच्या गटात माईकपाशी उभी होते. तो हात पाहताच तिला थांबवावं असं माझ्या मनात आलं. त्याच सकाळी मी गुडघे टेकून देवाकडे बुद्धी मागितली होती. आज मला वाटतं, ते मनात येणं हेच त्याचं उत्तर होतं. पण चारचौघांत आईला अडवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मी पुढचं गाणं सुरू केलं.

दुपारी घरी तिला म्हटलं, "आई, अर्धी भाकर तरी खा."

"देवासमोर हात वर केलाय, पोरी. आणि गोळी घेतेय ना मी."

मी ते चालवून घेतलं. मी शाळेत शिकवते. उपाशीपोटी गोळी घेतली तर अंगातली साखर एकदम खाली जाते, हे मला माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सभेत आई घामाने भिजली, काहीतरी असंबद्ध बोलू लागली आणि सतरंजीवर कोसळली. मी धावले, तर प्रचारक माईकवरून म्हणाले, "हात लावू नका. आत्मा उतरलाय. गात राहा." आणि लोक गात राहिले. मीही दोन पावलांवर थबकले. याची लाज मला अजून वाटते.

मागून गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई माणसं बाजूला सारत आल्या. त्याही आमच्याच मंडळीतल्या, पण कामामुळे नेहमी उशिरा येऊन शेवटी बसणाऱ्या. "साखर आणा," एवढंच त्या म्हणाल्या. चहाच्या पातेल्याजवळून कुणीतरी डबा आणला. त्यांनी आईला कुशीवर वळवलं, बोटाने हिरड्यांना साखर चोळली आणि जीप बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागल्यावर आईने डोळे उघडले.

डॉक्टर चिडून म्हणाले, "गोळी घेऊन उपाशी राहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच राहिले," आई म्हणाली. त्या प्रचारकाला ती सांभाळून घेत होती. मला त्याचा भयंकर राग आला.

तिसऱ्या दिवशी सभेत प्रचारक सांगू लागले, की एक बहीण मेल्यासारखी पडली होती आणि त्यांच्या प्रार्थनेने उठली; तिच्या मुलीने साक्ष द्यावी. मी माईक घेतला.

"माझ्या आईला देवाने वाचवलं, हे खरं आहे. त्याने आशाताईंना पाठवलं आणि त्यांनी साखर चोळली. तुम्ही हात लावू नका म्हणत होता. आजारी माणसांना उपाशी बसवणं ही तयारी नाही. आणि मी काल दोन पावलांवर थांबले, ते माझं पाप आहे."

प्रचारकांनी माईक काढून घेतला आणि प्रार्थना सुरू केली.

पुढच्या आठवड्यात मंडळीच्या पंचांनी मला बोलावलं. देवाच्या सेवकाचा अपमान झाला, माफी मागा, म्हणाले. मी विचारलं, "आईची माफी कोण मागणार?" त्यांनी मला गाण्याच्या गटातून काढलं. पंचांसोबत बसलेल्या आमच्या पाळकसाहेबांनी मी बाहेर पडताना हळूच सांगितलं, "तुम्ही बरोबर बोललात." ते आत बसून का म्हणाले नाहीत, हे मी त्यांना तिथेच विचारलं. ते परत आत गेले.

आई आता वेळेवर जेवते. आम्ही दोघी सकाळी मिळून प्रार्थना करतो. मी अजूनही बुद्धीच मागते. राग जावा असं मात्र अजून मागितलेलं नाही.