शालू खोचलेली नवरी

लग्नाला निघालेल्या बायका शालूशी झटापट करताना मी पुष्कळ पाहिल्यात. गुंदच्या फाट्यावर पाहिलेली ती नवरी वेगळी होती. रानातून घरच्यांच्या पुढं पायी उतरली; शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, चपला हातात. ओढ्यावरचा लाकडी साकव तिनं खाली न बघता ओलांडला. फाट्यावर पाय धुऊन, शालू सोडून ती टेंपोची वाट बघत माझ्याशेजारी टेकली.

"किती छान चालतेस गं," मी म्हणाले.

"सवय हाय. ताईला बाळंतपणाला खुर्चीत बसवून ह्याच वाटंनं आणली. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात हुता. साकवावरच तिचा जीव गेला."

मुंडावळ्या सारख्या करत ती पुढं म्हणाली, "नवरा नीट बघितलाच न्हाई मी. एवढंच इचारलं, गाडी दारापातुर येती न्हवं?"