तळ्यावर जागा खाली हाय

ये गं, अशी जवळ बस. कागदावर का होईना, बस. आधी रागावते, मग सांगते. दोन दिवाळ्या गेल्या, तुझं तोंड दिसलं नाही. परवा फोन केलास तो तरी कशासाठी? तर तुम्ही चौघं तळ्याकाठी तंबू ठोकून राहणार, एकाकडं आत झोपायची सोय असलेली मोठी मोटार आहे, आणि मला विचारतेस, "आत्याआजी, तुम्ही लोक पूर्वी बाहेर राहायचात ना, जागा कशी बघायची?" हौसेनं उघड्यावर झोपायला निघालेली आपल्या घरातली तू पहिलीच. मी म्हणाले, पाण्याजवळ नको, आणि फोन ठेवला. तसा ठेवायला नको होता, म्हणून हे लिहिते. मला शाळा नव्हती. दुकानातल्या पुड्यांच्या कागदावरून अक्षरं जुळवली मी, तेव्हा काना-मात्रा तूच सांभाळून घे.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. निजामाचं राज्य. आमचं गाव झरीच्या अलीकडं, अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान. पौषात आमच्या दुकानात उंदीर पडला. गुळाच्या ढेपेजवळ, उताणा. अण्णांनी काठीनं त्याला उलटा केला आणि मायला एवढंच म्हणाले, "बांधाबांध कर." उंदीर पडले की गाव सोडायचं, रानात पालं ठोकून राहायचं, रोग निवला की परतायचं. गाठीच्या रोगाला, तुम्ही प्लेग म्हणता त्याला, दुसरं औषध आम्हाला माहीत नव्हतं.

आमची अडचण वेगळी होती. वहिनी, म्हणजे तुझी आजी, बाळंतीण. तिच्या माहेरी आमच्याआधीच उंदीर पडले होते, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. पोरगा बारा दिवसांचा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत एवढाच. भाऊ मानवतला माल आणायला गेलेला, रोगाच्या गावचा म्हणून त्याला तिकडंच अडवलेलं. तेव्हा अण्णांना एकच घोर. ओल्या बाळंतिणीला कोरडी जागा पाहिजे, आणि पाणी जवळ पाहिजे. मैलभरावर तळं होतं. निम्मं गाव तिकडंच निघालं होतं.

आमच्या शेजारी कापूस पिंजणारे पिंजारी राहायचे. त्या घरातल्या बाईला आम्ही खाला म्हणायचो, त्यांच्या बोलीत मावशी. ती मंडळी आदल्या दिवशीच तळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी खाला राहिलेली रजई न्यायला परत आली. अण्णा बैल आणायला गेले होते, माय बाळंतिणीपाशी. दारात मी होते. खाला मला म्हणाली, "अण्णा को बोल, तालाब पो जगा खाली है. जल्दी आव."

मी तो निरोप पाठ केला. अण्णा आल्यावर सांगितला, पण आपल्या बोलीत. "खाला म्हणती, तळ्यावर जागा खाली हाय."

अण्णा जू बांधत होते. त्यांनी विचारलं, "खाली? पाळीच्या खाली का?"

मी म्हणाले, "व्हय, खाली."

आता तू म्हणशील, यात काय झालं. तळ्याला मातीची पाळ असते ना, तिच्या वरच्या अंगाला मुरूम होता, कडुलिंबाची दोन झाडं होती. खालच्या अंगाला पाझर. खालाच्या बोलीत खाली म्हणजे रिकामं. आमच्या घरात रिकाम्याला रिकामंच म्हणायचे, खाली म्हणजे खाली. अण्णांना कचेरीतलं उर्दू चांगलं कळायचं. खालाच्या तोंडून ऐकलं असतं तर ते चुकले नसते. माझ्या तोंडून त्याची मराठी झाली.

छपराची गाडी, तिच्यात जोंधळ्याचा कडबा अंथरून वहिनी आणि पोरगा. आत मोटारीसारखीच सोय केली होती बघ, शेगडी, पाण्याची घागर, कापडाचा पाळणा. पोती उसवून शिवलेलं पाल मागं बांधलेलं. पाळीखाली पोचलो तर सगळं हिरवंगार. माय म्हणाली, इथं गार लागतंय. अण्णा म्हणाले, पाळीची आड हाय, वारा तर लागणार न्हाई, आणि खालानं मुद्दाम सांगून पाठवलंय, तिनं बघूनच सांगितलं असंल. गाडी सोडली. सकाळी बघतो तो चाकं चार बोटं रुतलेली आणि पालातल्या गोधड्या खालून ओल्या. गाडीतला कडबासुद्धा सादळला होता.

तिसऱ्या दिवशी मी पाण्याला वर गेले. खाला तिथं कपडे धूत होती. मला बघून म्हणाली, तुम्ही मेले कुठं होतात, मी लिंबाखाली तुमच्यासाठी चुलीचे तीन दगड मांडून ठेवले, दोन दिवस जागा धरली, लोकांशी भांडले, शेवटी काल सुतारांनी पाल टाकलं तिथं. मी म्हणाले, आम्ही खाली आहोत. खालाचा हात कपड्यावर थांबला. "अगे, मैं खाली बोली. नीचे नहीं बोली."

मला तेव्हाच कळलं. घागर भरली आणि खाली आले.

पोरगा आदल्या दिवसापासून खोकत होता. अण्णांना सांगितलं असतं तर ते सुतारांकडं गेले असते. बाळंतिणीसाठी कुणी नाही म्हणालं नसतं, तेव्हाचे लोक तसे नव्हते. पण सांगायचं म्हणजे निरोप मी चुकवला हे आधी सांगावं लागणार. मी वाट बघितली, कुणीतरी दुसरंच सांगंल म्हणून. खाला एकदा येऊन गेली, पोराची छाती शेकायला पिंजलेला कापूस देऊन गेली. तिनंही काही काढलं नाही. मला वाटतं, मला वाचवायला.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनी गाडीतून मायला म्हणाली, "आत्याबाई, ह्ये दूध घेईना." मायनं वाकून बघितलं, आणि पदराला हात पुसले. मी जोंधळे निवडत होते. निवडतच राहिले. सूप संपलं तर दुसरं घेतलं. रडू आलं नाही, भूकही लागली नाही, नुसते खडे दिसत होते.

आपण लिंगायत, आमच्यात पुरतात. गाव पांगलेलं, विधी करणारे जंगम कुठल्या पालात आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. अण्णांनीच पोराच्या गळ्यातलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं आणि पाळीच्या वर जाऊन, मुरमात, जागा केली. तिथं मात्र कोरडं होतं.

त्याच दिवशी सुतारांनी आपणहून लिंबाखालची निम्मी जागा दिली. आम्ही महिनाभर तिथं राहिलो. खालानं मांडलेल्या तीन दगडांवर मी भाकरी भाजल्या. चांगली जागा होती, खरं सांगते.

तुझी आजी पुढं ऐंशी वर्षांची होऊन गेली. तुझा बाप झाला, तुझ्या आत्या झाल्या. कधी विषय निघालाच तर म्हणायची, "ती जागाच वंगाळ होती." मी तिचे पाय दाबत बसायचे आणि व्हय म्हणायचे. एकदा तिनं मला विचारलं होतं, खालानं असं कसं सांगितलं असंल गं, ती तर लय मायाळू होती. तेव्हाही मी व्हयच म्हणाले. खालावर आळ राहिला तो राहिलाच. आता दोघीही नाहीत.

तर तू जागा विचारली होतीस. पाणी दिसलं की भुलू नको. मूठभर माती घे, दाब. लाडू वळला तर तिथं झोपायचं नाही, भुगा झाला तर तंबू ठोक. आणि कुणी निरोप धाडला, जागा अशी आहे, तशी आहे, तर आपण जाऊन बघायचं.

हे वाचून तुला माझा राग आला तर येऊ दे. तुझ्या आजीला आला असता तोच तो. पण फोनवर रागावू नको, मला ऐकू येत नाही. तंबू बांधायच्या आधी ये. या आठवड्यात ये. मोटारीनं त्या पाळीवर जाऊ, एक लिंब अजून उभा आहे म्हणतात. पोराची जागा मी दाखवते. माझ्याशिवाय ती आता कुणालाच ठाऊक नाही.