शिडीवाल्याचा शेवटचा मजला

दाजीबानपेठेत गोपाळअण्णा बोंगाळेच्या हातचा मार न खाल्लेला पुरुष शोधायचा झाला, तर पाळण्यातच बघावं लागेल. माझं कापडाचं दुकान त्याच्या दुकानासमोर, त्यामुळे कुठला दात कुणाचा पडला हे मला नीट सांगता येतं. आता तो मोबाईलची कव्हरं विकतो. पूर्वी तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. बाकीची यंत्रं भंगारात गेली, कोपऱ्यातलं एक तेवढं राहिलं. पेठ त्याला शिडीवाला म्हणते.

खेळ साधा. एक गवंडी शिड्या चढत इमारतीच्या टोकाला निघतो आणि वरून एक रेडा त्याच्यावर लोखंडी पिंपं लोटतो. पेठेतली पोरं कॉलेज बुडवून तिथे पडीक असायची. अर्धी म्हणायची, असा खेळ पुन्हा होणे नाही. अर्धी म्हणायची, लबाड खेळ आहे, शेवटच्या मजल्यावर हमखास मारतो. तोंडाने मत देऊन समाधान झालं नाही की लाथेने द्यायची. पेटीवर ते पोचे अजून आहेत.

तो मजला म्हणे आजवर एकानेच पार केला, गोपाळअण्णाच्या धाकट्या भावाने, गणपतने. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, पण अण्णाने त्याच संध्याकाळी पेठभर दवंडी पिटली. मग हरलेल्या पोरांची टोळी चालून आली. थापा मारतोस काय, म्हणत त्यांनी गणपतचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि शटर धाडकन खाली ओढलं. बोटं चिरडली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. तिघांनी जखडलेला अण्णा शेवटपर्यंत ओरडत होता, माझ्या भावाने पार केलंय.

तेव्हापासून तो मजला पार होत नाही असं कुणी म्हटलं, की अण्णाचा हात सुटायचा. एकाचा जबडा निखळला, एकाच्या डोक्यावर चहाचा ग्लास फुटला. मला त्याचा राग यायचा आणि खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटायचं. माझ्या भावांनी माझ्यासाठी कधी साधा आवाज चढवला नाही.

यंदा विद्यानगरचे राघवेंद्र सर उपटले. कॉलेजात शिकवतात आणि जुन्या खेळांवर परीक्षणाचे व्हिडिओ करतात. शिडीवाल्याचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. शेवटी मात्र म्हणाले, शेवटचा मजला ही बनवणाऱ्यांचीच चूक आहे, गवंडी वर पोचायच्या आत वेळ संपतो, तो कुणालाही पार होणं शक्य नाही. व्हिडिओ पेठेतल्या मोबाईल-मोबाईलवर फिरला. म्हणजे गणपत थापाड्या, असं म्हणून लोक हसले.

अण्णाने सरांना खेळायला बोलावलं. सरांना सुट्टी म्हणून दिवस ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडे हत्यार, यंत्र काही चालवत नाहीत. पूजा करायची आणि कुंकू भरलेला कोहळा दारात फोडायचा. माझा कापड मोजायचा लोखंडी गजसुद्धा हार घालून ठेवलेला. शिडीवाल्यालाही झेंडूचा हार होता.

"बेड अण्णा, नको," गणपत म्हणाला. "आज चालू करू नये की ते."

"सुम्न कुंद्र," म्हणून अण्णाने त्याला गप्प बसवलं आणि बटण दाबलं.

सर छान खेळले. शेवटच्या मजल्यावर गवंडी शिडीच्या मध्यावर पोचला आणि मेला. पुन्हा खेळले, तो पुन्हा त्याच पायरीवर मेला.

"बघा, वेळच पुरत नाही," सर म्हणाले. "तुमचे भाऊ खोटं..."

अण्णाने मानगूट धरून त्यांचं तोंड काचेवर आपटलं. काच तडकली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा ओठ फाटला आणि झेंडूवर रक्त उडालं. मी हारासकट गज उचलून धावले आणि अण्णाच्या कोपरावर सगळा जोर काढला. तरी तो सोडेना.

"सोड त्यांना," गणपत म्हणाला. "पार केलंच नव्हतं मी."

अण्णाचा हात सुटला. सर खाली बसले. "मी विचारलो की तुला त्या दिवशी," अण्णा म्हणाला.

"तू जेवून आलास तेव्हा करंट गेलेला. पडदा काळा. पार झालं काय रे, म्हणालास. मी नुसता हसलो. तुला किती आनंद झालेला, अण्णा. मला नाही म्हणवलं नाही."

"मग हात दाबला तेव्हा तरी सांगायचं होतंस."

"सांगितलो की. पार केलो नाही म्हणून रडत होतो. ते सोडणार होते मला. तू ओरडलास, भ्यालाय म्हणून बोलतोय, त्यानं पार केलंय. मग त्यांनी ओढलं."

अण्णा उंबऱ्याशी गेला, खाली बसला आणि आपला उजवा हात फरशीवर पसरला. "ओढ," तो म्हणाला.

गणपतने डाव्या हाताने शटर धरलं. मला वाटलं, नुसता धाक घालील. त्याने दारातला कोहळा पायाने अण्णाच्या हाताशी सरकवला आणि सगळं वजन टाकून शटर ओढलं. कोहळा फुटला. शटर त्याच्यावरच अडलं आणि कुंकवाचं लाल पाणी अण्णाच्या कोपरापर्यंत गेलं. अण्णा किंचाळला. बोटं शाबूत आहेत हे कळल्यावरही तो किंचाळतच राहिला.

"अण्णा, ऊठ," गणपत म्हणाला. "सरांना टाके घालायला न्यायचंय."

सरांनी तक्रार केली नाही, गणपतने हात जोडले म्हणून. शिडीवाला तडकलेल्या काचेनिशी अजून चालतो. परवा एका गिऱ्हाइकाने अण्णाला विचारलं, शेवटचा मजला पार होतो का. आता अण्णाचा हात सुटणार म्हणून मी गजाकडे हात नेला.

"होत नाही," गोपाळअण्णा म्हणाला. "कुणालाच झाला नाही. माझ्या भावानं तेव्हाच सांगितलेलं."