आत्याचं संध्याकाळचं जेवण

आत्याला कुठंतरी ठेवावं लागेल, हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा डॉक्टर बोलले. मी नाही बोललो आणि बायकोही नाही. मनात दोघांच्याही आलं असणार, पण तोंडातून काढायची हिंमत कोणाची झाली नव्हती.

झालं असं, की आत्या न्हाणीत पडली आणि बायकोनं तिला एकटीनं उचललं. आत्याला काही झालं नाही. बायकोच्या कमरेत मात्र अशी चमक भरली की ती तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिली. मी दुकानात होतो. शेजारणीनं येऊन सांगितलं तेव्हा धावत घरी गेलो. दोघी भिंतीला टेकून बसलेल्या, आणि आत्या बायकोला विचारत होती, “तुले कोनं मारलं वं पोरी?” अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहून सांगितलं, आता यांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मग त्यांनी आत्याविषयी विचारलं आणि ते वाक्य बोलले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन मेडशीला, माहेरी परत आली. माझी आई आजारीच असायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालणं, शाळेत पाठवणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं हिनंच केलं. आम्ही जैन. गावात वडिलांचं किराणा दुकान होतं. घरात धर्म सगळेच पाळत, पण आत्याइतका कोणी नाही. सूर्य मावळल्यावर तिनं अन्नाचा कण तोंडात घातला नाही. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायली नाही. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की ती मला छपरावर पिटाळायची, “बाबू, पाह्य बरं, दिवस हाये का अजून?” ढगातून मला काय दिसणार? मी घुटमळलो की ती ताट झाकून ठेवायची आणि उपाशी झोपायची. कोणाच्या तरी लग्नाहून परत येताना एसटी तालुक्याच्या मालेगावच्या अलीकडे बंद पडली. डब्यात पुऱ्या होत्या. आम्ही पोरांनी त्या अंधारात खाल्ल्या. ती रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि आम्हाला पोटभर मिळालं का, एवढंच विचारत होती.

पुढं मी वाशीमला शाळेच्या कपड्यांचं दुकान टाकलं. आई-वडील गेल्यावर आत्याला आमच्याकडे आणलं. तिच्या विसरण्याची सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येत नाही. आधी मिठाचा डबा फ्रीजमध्ये सापडला. मग देवळातून परतताना ती दुसऱ्याच गल्लीत जाऊन कोणाच्या तरी ओट्यावर बसली. मग माझं नाव गेलं, बायकोचं गेलं. पण संध्याकाळी उन्हं समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढली की ती उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. “दिवस हाये ना?” हे तिला विचारता येत होतं. मी त्या वेळी चहाला घरी येत असे. तिला जेवताना पाहिलं की मला बरं वाटे. देवळात कोणी चौकशी केली तर मी सांगायचो, “सगळं विसरली, नेम नाही विसरली.” लोक हात जोडायचे. मलाही त्यात एक अभिमान वाटायचा.

बायकोचं दुखणं निघाल्यावर आम्ही सांभाळायला बाई ठेवून पाहिली. “ही कोन बाई माह्या घरात शिरली?” म्हणून आत्यानं तिच्यावर लोटा फेकला. दुसरी आठवडाभर टिकली. मुलगा पुण्याला नोकरीवर. तो फोनवर म्हणाला, “बाबा, चांगली जागा पाहा, लाजू नका.” त्याचं बोलणं खरं होतं आणि तरी त्या दिवशी मला त्याचा राग आला.

पहिला पाहिला तो वृद्धाश्रम वाशीमच्या बाहेरच होता. जागा छान. अंगणात गुलाबाचे वाफे, म्हातारे कॅरम खेळत बसलेले. तिथले व्यवस्थापक बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, “रात्री उठतात का? बाहेर जातात का? कपड्यात होतं का?” आम्ही तिन्हीला हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. “आमी फक्त सोताचं सोता करनारे लोक घेतो. असे पेशंट सांभाळाची आमच्याजवळ सोय नाही.”

“मंग अशांनी कुठं जावं?” बायकोनं विचारलं. भांडणाच्या सुरात नाही, खरंच विचारलं.

“माह्या आईच्या वेळी मीबी हेच विचारत फिरलो,” ते म्हणाले. “नाही भेटलं कुठं.” मग त्यांनीच आम्हाला दुसऱ्या जागेचा पत्ता सांगितला. मेडशीच्या पुढं, डोंगराकडच्या बाजूला, रस्त्यापासून आत एक घर होतं. तिथं अशीच माणसं ठेवत.

आत्याला मागं ठेवायला घरी कोणी नव्हतं, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. रस्ता मेडशीवरूनच जातो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं, तुरी अजून हिरव्या. गाव जवळ आलं तशी मी गाडी हळू केली. मला वाटलं, ती काचेला हात लावील, म्हणेल, थांबव. स्टँडजवळून गेलो. आमचं जुनं दुकान होतं तिथं आता मोबाईलचं दुकान आहे, त्याच्यासमोर तर मी गाडी उभीच केली.

“आत्या, हे पाहा.”

तिनं पाहिलं. लक्ष देऊन पाहिलं. मग म्हणाली, “कोनतं गाव हाये हे? मोठं दिसते.”

बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गाडी सुरू केली.

ते घर एकमजली होतं, लांबट, पत्र्याचं. फाटकाला आतून कुलूप. आत शिरताच फिनाईलचा आणि त्याच्याखाली लघवीचा वास आला. खाटांना दोन्ही बाजूंनी कठडे. खोलीत आठ-दहा बायका होत्या आणि सगळ्यांचे केस मुलांसारखे बारीक कापलेले. त्यामुळे सगळ्या एकमेकींच्या बहिणी असाव्यात तशा दिसत होत्या. एकीनं मला पाहून पदर सारखा केला. एक जण चादरीची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. आत्याच्या पाठीवर तिची पांढरी, बोटभर जाडीची वेणी होती. बायको रोज तेल लावून घालायची. मी त्या वेणीकडे पाहिलं आणि मला वाटलं, आल्या पावली परत जावं.

तिथली सगळी व्यवस्था पाहणारी बाई पन्नाशीची होती. पूर्वी दवाखान्यात नर्स होती. तिनं काही सजवून सांगितलं नाही.

“केस कापा लागतेत. उवा होतेत, धुनं होत नाही. फाटकाले कुलूप राह्यते. रात्री दोन बाया असतेत सगळ्यांसाठी. घरच्यासारखं होईन असं मी सांगत नाही. पन कोनाले मारत नाही, कोनाले बांधत नाही. घान झाली तं तवाच साफ करतो. तुमी कधीबी या, न सांगता या.”

तिनं आम्हाला स्वयंपाकघर दाखवलं, औषधांचं कपाट दाखवलं, मागची मोरीसुद्धा दाखवली. मी सगळं पाहत होतो, पण विचारायचं होतं ते एकच.

“जेवन किती वाजता असते?”

“संध्याकाळचं आठले.”

मी तिला नेमाचं सांगितलं. सगळं सांगितलं, छपरावर चढून सूर्य पाहण्यापासून. बायको खाली पाहत होती. ती बाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “साडेपाचले भाजी तयार राह्यते. कांदा-लसूण टाकायच्या आंधी त्यांची बाजूले काढू. पोळी करून देऊ. तेवढं जमन. पन मले एक सांगा. त्यांले रात्री भूक लागते का? जेवलेलं विसरतेत का? आमच्या इथच्या सगळ्या विसरतेत. आठले दुसऱ्यांची ताटं दिसली की त्या मांगतीन. मंग काय करू मी?”

मी म्हणालो, “नाही नाही, ती रात्री मागत नाही. कधीच नाही.”

“मांगते,” बायको म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो.

“रोज मांगते. तुमी दुकानात असता. साडेसातले उठून येते, म्हनते, सकाळपासून मले कोनी जेवाले देल्लं नाही. रडते. आंधी मी समजावत होती. एकदा तं कच्चं पीठ खाल्लं तिनं डब्यातलं, मुठीनं. मंग मी देऊ लागली. दूध-पोळी देते. वर्स होऊन गेलं.”

वर्षभर मी रात्री दुकान बंद करून घरी यायचो, तोवर आत्या झोपलेली असायची, वाटी धुऊन पालथी पडलेली असायची, आणि बायको मला वाढायची. देवळात मी काय सांगतो ते तिला माहीत होतं. कधी कधी माझ्या शेजारी उभी राहून तिनं ते ऐकलंही होतं.

“मले सांगितलं काहून नाही?”

“सांगून काय करनार होते तुमी? नाही म्हटलं असतं तं मी काय करू? हो म्हटलं असतं तं तुमाले लागलं असतं ते रातच्या खान्याचं पाप. मंग म्हटलं, लागाचं असन तं मले एकटीले लागू दे.”

आत्या खुर्चीवर बसून हे ऐकत होती. तिला काय कळत होतं कोण जाणे. पण एक शब्द तिनं पकडला. एकदम ताठ बसून म्हणाली, “रातचं खाते? कोन वं?”

तिच्या कपाळावर आठी पडली होती, तशी मी लहानपणी पाहिली होती.

बायको तिच्यासमोर कशीबशी खाली बसली, कमरेला हात लावून. “एक बाई हाये, आत्याबाई. आजारी हाये बिचारी. तिले काही उमजत नाही.”

आत्यानं विचार केला. मग म्हणाली, “आजारी हाये का? मंग द्या लागते वं. आजारी मानसाले कायचा नेम?” आणि जरा थांबून, काळजीनं, “तिचं कोनी नाही का?”

बायको उठली आणि बाहेर व्हरांड्यात गेली. तिला तसं हुंदके देऊन रडताना मी आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाहिलं नव्हतं. मी तिच्या मागं गेलो नाही. आत्याचा हात धरून बसलो.

त्या दिवशी आम्ही काही ठरवलं नाही. घरी आल्यावर दोन-तीन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. एका संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि साडेसातला घरी आलो. आत्या दारात उभी होती, तोंड रडवेलं. वाटी मी घेतली. दुधात पोळी कुस्करली आणि तिला भरवली. तिनं सगळं खाल्लं, तोंड पुसलं आणि झोपायला गेली. एवढंच झालं. बायको ओट्याशी उभी राहून पाहत होती.

दिवाळीनंतर आत्याला तिकडं सोडलं. वेणी बायकोनं स्वतःच्या हातानं कापली, दुसऱ्या कोणाला कापू दिली नाही. निघताना आत्या फाटकापर्यंत आली. आम्ही पाहुणे आहोत असं समजून म्हणाली, “येत जा बरं.” कुलूप लावल्याचा आवाज ऐकत मी गाडीत बसलो. मेडशी कधी मागं गेलं ते मला कळलं नाही.

बायकोची कंबर आता बरी आहे. संध्याकाळी ती कधी कधी उगाच उठते, स्वयंपाकघरात जाते आणि परत येऊन बसते. मी विचारत नाही. दर रविवारी आम्ही जातो. आत्या आता बहुतेक वेळ झोपून असते. बोलणं जवळजवळ गेलं. जागी असली तर बायकोच्या बांगड्यांशी खेळते.

तिच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आहे. तिच्याकडे कोणी येताना आम्ही पाहिलं नाही. दोन महिन्यांमागं तिनं अचानक बायकोचा पदर धरला. “काहून आली नाही वं इतके दिवस? मी वाट पाहून राह्यली.”

मला वाटलं, बायको पदर सोडवून घेईल. ती खाटेच्या काठावर बसली.

“चुकलं माय,” ती म्हणाली. “आता येत जाईन.”

“घरचे बरे हायेत?”

“बरे हायेत.”

तेव्हापासून आम्ही गेलो की बायको थोडा वेळ आत्याजवळ बसते आणि थोडा वेळ तिच्याजवळ. म्हातारी दर वेळी तोच जाब विचारते, त्याच रागानं, आणि बायको दर वेळी माफी मागते. मी दोन खाटांच्या मधे स्टुलावर बसून असतो. मागच्या रविवारी म्हातारीनं माझ्याकडे बोट दाखवून तिला हळूच विचारलं, “हा कोन?”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आपलाच हाये, माय.”